चित्राखाली अंतरही लिहा

माझ्या कामाच्या खोलीत शृंगी घुबडाचा एक फोटो कित्येक वर्षं भिंतीवर आहे. दगडी कपारीतून मादी नुकतीच झेपावली आहे. पंख अर्धे उघडलेले, पाय अजून पोटाखाली पुरते ओढून घेतलेले नाहीत, गळ्यावरची पांढरी पिसं फुललेली आणि दोन्ही नारिंगी डोळे थेट लेन्समध्ये रोखलेले. घरी येणारा माणूस त्या फोटोसमोर थांबतोच. "काय रुबाब आहे!" म्हणतो. एका प्रदर्शनात तो दाराशीच, आत येणाऱ्याला सगळ्यांत आधी दिसेल असा लावला होता.

फ्रेमच्या बाहेर काय होतं, हे कुणी कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. सकाळी साडेनऊच्या सुमारास मी आणि माझा एक मित्र त्या कपारीसमोर पोटावर सरपटत पोहोचलो होतो. घुबड जमिनीशी चपटं होऊन बसलं होतं, डोळ्यांच्या नुसत्या फटी. मला वाटलं, झोपेत आहे. आणखी चार मीटर पुढे सरकलो तेव्हा डोळे पूर्ण उघडले आणि चोच वाजली, दोन वाळक्या काटक्या एकमेकींवर आपटाव्यात तशी. तिथेच थांबायला हवं होतं. त्याऐवजी मी शटरचा वेग वाढवला, कारण आता ते उडणार हे मला कळलं होतं. ते उडालं. मी बटण दाबून धरलं. कॅमेरा खाली घेतला तेव्हा दिसलं, कपारीतल्या मातीत खरवडलेल्या खळग्यात दोन पांढरी, जवळजवळ गोल अंडी उघडी पडली होती. मादी समोरच्या झाडावर टेकते न टेकते तोच कावळ्यांनी तिला गाठलं. दिवसाउजेडी उघड्यावर आलेल्या घुबडाला कावळे सोडत नाहीत. या झाडावरून त्या झाडावर पिटाळत त्यांनी तिला दरीच्या वळणाआड नेलं. कपारीत ऊन शिरत होतं. ती परत आली का, हे पाहायला आम्ही थांबलो नाही. आम्हाला हवं ते मिळालं होतं.

त्या फोटोखाली मी तेव्हा लिहिलं होतं: ४०० मिमी लेन्स, एफ ५.६, १/१६०० सेकंद, आयएसओ ८००. छायाचित्रणाची रीतच आहे ती. भिंग किती उघडलं होतं, प्रकाश किती वेळ आत आला, हे सगळं आपण प्रामाणिकपणे नोंदवतो. पक्ष्यापासून किती अंतरावर होतो, तिथवर कसे गेलो आणि आपण गेल्यावर पक्ष्याने काय केलं, ही तीन उत्तरं मात्र कुठेच नसतात. माझं म्हणणं एवढंच आहे की शिकारी पक्ष्यांच्या प्रत्येक फोटोखाली ती असायला हवीत. स्पर्धांनी ती मागावीत, मासिकांनी छापावीत, आणि बघणाऱ्यांनी कौतुक करण्याआधी विचारावीत. जवळून काढलेला फोटो आपोआप चांगला फोटो ठरतो, तोवर पुढचा माणूस आणखी चार मीटर पुढे सरकत राहणार.

सगळ्याच पक्ष्यांच्या बाबतीत मी इतका आग्रह धरला नसता. चिमणीएवढा पक्षी उडाला तर बहुतेक वेळा दोन मिनिटांत परत त्याच फांदीवर येतो, आणि एका हंगामात त्याची दोन-तीन विणी होतात. गरुड, ससाणे, गिधाडं, घुबडं यांचा हिशोब निराळा आहे. सोनेरी गरुडाची मादी बहुधा दोन अंडी घालते, ती सहा आठवडे उबवावी लागतात, मग पिल्लू आणखी दहा आठवड्यांच्या आसपास घरट्यात असतं, आणि दोन पिल्लांपैकी पुष्कळदा एकच जगतं. बहुतेक मोठी गिधाडं वर्षाला एकच अंडं घालतात. अँडियन काँडॉर या अमेरिकी गिधाडाच्या दोन विणींत साधारण दोन वर्षांचं अंतर असतं. अशा पक्ष्याचं एक घरटं वाया जाणं म्हणजे त्या जोडीचं अख्खं वर्ष वाया जाणं. १९६३ मध्ये अलास्का सोडून अमेरिकेच्या बाकीच्या सलग राज्यांत टकल्या गरुडाच्या पाचशेहून कमी जोड्या उरल्या होत्या. डीडीटीने अंड्यांची कवचं इतकी पातळ झाली होती की उबवायला बसलेल्या मादीच्या वजनानेच ती फुटत. १९७२ मध्ये तिथे डीडीटीवर बंदी आली. तरी संकटग्रस्तांच्या यादीतून तो बाहेर पडायला २००७ साल उजाडलं. बंदीनंतर पस्तीस वर्षं. एवढ्या हळू भरणाऱ्या हौदातून आपण तांब्या तांब्या पाणी काढतो आणि एका तांब्याने काय होतंय, असं म्हणतो.

घरटं सोडा, एरवीसुद्धा या पक्ष्यांना उडवणं महागात पडतं. खांबावर तासभर निश्चल बसलेला शिकारी पक्षी आपल्याला आराम करताना दिसतो. पुष्कळदा तो शिकार करत असतो. गवताची एक पात हलायची वाट पाहणं, हीच त्याची शिकार. त्याच्या झेपांपैकी बऱ्याच फुकट जातात, म्हणून तो झेप जपून वापरतो. आपण फोटोसाठी त्याला उडवलं की ती वाट पाहणी मोडते, पंख मारायला लागणारी ताकद जाते, आणि दुसऱ्या जागी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. थंडीच्या लहान दिवसात, पहिल्याच हिवाळ्यातल्या कोवळ्या पक्ष्यावर दिवसभरात पाच-सहा जणांनी ही वेळ आणली, तर संध्याकाळी तो उपाशीच झोपतो. त्या पाच-सहा जणांपैकी प्रत्येकाला वाटत असतं की आपण एकदाच तर गेलो होतो.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, "अहो, तो शांत बसला होता, उडालाही नाही." मला या वाक्याची सगळ्यांत जास्त भीती वाटते, कारण त्या सकाळी मीही हेच समजलो होतो. अंड्यांवर बसलेली मादी शेवटच्या क्षणापर्यंत उडत नाही. उडणं म्हणजे अंडी उघडी टाकणं, हे तिला ठाऊक असतं. दिवसा बसलेलं घुबड उडत नाही, कारण उडालं की कावळे येतात. त्याचं सगळं संरक्षण न हलण्यात असतं. अंग आवळून बारीक झालेलं, डोळे मिटल्यासारखे केलेलं घुबड आपल्याला गोंडस वाटतं आणि ते तेव्हा लपायची पराकाष्ठा करत असतं. तिथे बसून राहणं ही परवानगी समजणं हा आपला सोयीचा अर्थ झाला.

आणि आपल्याला या खुणा कळत नाहीत, असं तर अजिबात नाही. शिकारी पक्ष्यांचे उडतानाचे फोटो काढणारा कुणीही माणूस सांगेल: पक्षी झेप घेण्याआधी बहुधा जरा वाकतो, शेपटी उचलतो, शिटतो, आणि पुढच्या काही सेकंदांत उडतो. ती पिचकारी दिसली की आपण श्वास रोखतो आणि बोट शटरवर नेतो. मानेची पिसं चपटी झाली, नजर एका जागी खिळली, पंख खांद्यापासून किंचित सुटले, पंजे फांदीवर सरकले, हे सगळं आपल्याला पाठ असतं. म्हणजे पक्षी अस्वस्थ झालाय हे ओळखण्याची विद्या आपल्याकडे आहेच. आपण ती आजवर फक्त योग्य क्षणी बटण दाबण्यासाठी वापरली. याच खुणांवर दोन पावलं मागे यायला कुठलं नवं शिक्षण लागत नाही.

उलट बाजूच्या खुणाही तितक्याच स्पष्ट असतात. मागे एकदा गाडीच्या खिडकीवर वाळूची पिशवी, तिच्यावर लेन्स असा तासभर बसून होतो. इंजिन बंद, मी आतल्या आत. एक खरूची, म्हणजे छोटा ससाणा, कुठूनशी आली आणि माझ्यापासून बारा-तेरा मीटरवरच्या कुंपणाच्या खांबावर बसली. पायात नाकतोडा होता. तिने त्याचे पाय एकेक करून खुडले, बाकीचा खाल्ला, मग चोच खांबाच्या लाकडावर दोन्ही बाजूंनी घासून पुसली, चाकू पुसावा तशी. सगळी पिसं फुलवून एकदा अंग झाडलं. एक पाय उचलून पोटाच्या पिसांत घातला. डोळ्याची आतली पांढुरकी पापणी मधूनच कोपऱ्यातून सरकायची. मान खाली-वर करून तिने गवतातलं काहीतरी जोखलं, पण गेली नाही. माझ्याकडे दोनदा पाहिलं आणि दोन्ही वेळा नजर काढून घेतली. वीस मिनिटांनी ती तिच्या कामाला उडाली, माझ्या दिशेने नाही, माझ्यापासून दूरही नाही, जिथे तिला जायचं होतं तिकडे. इतक्या जवळून काढलेल्या त्या फोटोंवर माझा काडीचाही आक्षेप नाही. बारा मीटर हा आकडा वाईट नव्हता, कारण तो तिने ठरवला होता. त्याच जातीच्या दुसऱ्या पक्ष्याने, दुसऱ्या माळावर, मला दोनशे मीटरवरूनच पाठ दाखवली आहे.

म्हणूनच अमुक मीटरच्या आत जाऊ नये, एवढ्याने हा प्रश्न सुटत नाही. घरट्याची गोष्ट वेगळी. तिथे मात्र मला कायद्यासारखा ठोस नियम हवा आहे, आणि गंमत म्हणजे नव्हे, खेदाने सांगायची गोष्ट म्हणजे तो पुष्कळ ठिकाणी आहेच. भारताच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात रानपक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कळित करणंही येतं. बंदूक घेऊन जाणारा आणि कॅमेरा घेऊन घरट्यावरची मादी उडवणारा, या दोघांना कायदा एकाच शब्दात बसवतो. ब्रिटनच्या १९८१ च्या कायद्यात ज्या पक्ष्यांची खास यादी आहे, त्यांच्या घरट्याला जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने त्रास देणं हा गुन्हा आहे, आणि अशा घरट्याजवळ फोटो काढायचे तर आधी परवाना घ्यावा लागतो. अमेरिकेत २००७ मध्ये टकल्या गरुडाबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं निघाली, त्यांत विणीच्या काळात घरट्यावरून दिसेल अशा पायी वावराला साधारण १०० मीटर अंतर सांगितलं आहे. तरी घरट्यांचे फोटो थांबत नाहीत, कारण फोटोवरून अंतर कळत नाही आणि कुणी विचारत नाही.

हौशी छायाचित्रकाराने शिकारी पक्ष्याच्या चालू घरट्याकडे जाऊच नये, असं माझं मत आहे. परवाना, प्रशिक्षण आणि ठरलेलं काम असणाऱ्यांनी जावं. घरट्यातलं लहान पिल्लू पहिले काही दिवस स्वतःचं अंग ऊबदार किंवा गार ठेवू शकत नाही. आईचे पंख हेच त्याचं छप्पर. मोठं पिल्लू, ज्याची पिसं जवळजवळ पुरी झाली आहेत, ते घाबरलं की उडता येत नसतानाच कड्यावरून उडी टाकतं. आणि मधल्या वयाच्या पिल्लांकडे आपण गवत तुडवत जी वाट करतो, ती वाट नंतर दुसरे प्राणीही धरतात. तज्ज्ञांच्या हातूनही चुका होतात. १९८० मध्ये कॅलिफोर्निया काँडॉरच्या जगात मोजके पक्षी उरले असताना, त्यांना वाचवण्यासाठीच झटणारे अभ्यासक एका पिल्लाचं वजन-माप घेत होते, आणि ते पिल्लू ताणानेच त्यांच्या हातात दगावलं. ज्यांना काय करायचं हे माहीत होतं त्यांच्या हातून हे झालं. मग मला आणि माझ्या मित्राला त्या कपारीसमोर जायचा काय अधिकार होता?

आता तंत्राचं बोलू, कारण "जवळ गेल्याशिवाय फोटोच होत नाही" ही समजूत अजून जुनीच चालू आहे. साधं गणित आहे. अर्धा मीटर उंचीचा पक्षी, ६०० मिमी लेन्स, ४० मीटर अंतर. सेन्सरवर त्याची प्रतिमा साडेसात मिलिमीटर उंच पडते, म्हणजे फ्रेमच्या उंचीचा जवळपास तिसरा हिस्सा. सेन्सर ४५ मेगापिक्सेलचा असेल तर तो पक्षी सतराशे पिक्सेल उंच येतो. आजूबाजूचं क्रॉप केलं तरी वीस सेंटिमीटर उंचीचा पक्षी छान छापता येतो, आणि मोबाईलच्या पडद्यावर बघायला तर हे जास्तच झालं. हेच २० मीटरवरून काढलं तर पक्षी फ्रेमची निम्म्याहून जास्त उंची व्यापतो. फरक एवढाच. ४० वरून २० वर यायला आपण जो धोका पत्करायला लावतो, तो पक्ष्याला. आपल्याला त्यातून मिळते ती पिसांच्या कडांची थोडी अधिक धार. तीसुद्धा दुपारी मिळत नाही, कारण तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते. सकाळी लवकर दूर बसलेल्या माणसाला दुपारी जवळ गेलेल्यापेक्षा पुष्कळदा चांगला फोटो मिळतो. आताच्या मिररलेस कॅमेऱ्यांचं शटर बिनआवाजी चालतं आणि फोकस पक्ष्याचा डोळा आपणहून शोधतो. दूर राहण्यासाठी लागणारं सगळं सामान कंपन्यांनी आपल्या हातात दिलं आहे. आपण तेच सामान घेऊन आणखी जवळ जातो, याचं मला वाईट वाटतं.

पहिल्या पिढीला ही सोय नव्हती. इंग्लंडमधल्या रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घरट्यांचे फोटो काढायला सुरुवात केली, तेव्हा जड कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा घेऊन पक्ष्याच्या अगदी जवळ असणं भाग होतं. त्यासाठी त्यांनी पोकळ बैल बनवून घेतला आणि त्याच्या पोटात उभं राहून फोटो काढले. एरिक हॉस्किंग यांचा एक डोळा १९३७ मध्ये टॉनी जातीच्या घुबडाने पंजा मारून फोडला. ते घरट्याजवळ गेले होते आणि घुबडाने आपलं घरटं राखलं. पुढे आयुष्यभर त्यांनी पक्ष्यांचेच फोटो काढले. त्या माणसांबद्दल मला आदर आहे. मात्र त्यांचं जवळ जाणं ही भिंगांची मजबुरी होती. त्यांची मजबुरी आपण परंपरा म्हणून चालवतो आहोत. कॅलिफोर्नियात १९०६ मध्ये विल्यम फिन्ली यांनी काँडॉरच्या एका घरट्याचे वारंवार जाऊन फोटो काढले. अंड्यातून नुकतंच बाहेर आलेल्या पिल्लापासून पुढे. ती चित्रं आजही अनमोल मानली जातात. शेवटी ते पिल्लू त्यांनी घरट्यातून उचलून नेलं, वाढवलं, आणि ते न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात गेलं. त्या चित्रांकडे पाहताना मला दोन्ही गोष्टी एकदमच दिसतात, आणि एकीसाठी दुसरी पुसून टाकता येत नाही.

आमिषाबद्दल लांब लिहायची गरज वाटत नाही. उत्तर अमेरिकेत हिवाळ्यात दक्षिणेकडे उतरलेल्या हिम घुबडांना बर्फावर पाळीव उंदीर सोडून बोलावतात, आणि पंजे पसरून थेट कॅमेऱ्यावर येणारं घुबड टिपतात. जाणकाराला असा फोटो पाहताक्षणी कळतो. पक्ष्याचे डोळे लेन्सकडे नसतात, लेन्सच्या किंचित खाली, उंदरावर असतात. घुबड शिकतं की माणूस आणि गाडी म्हणजे खाणं, मग ते रस्त्याच्या कडेला घुटमळू लागतं आणि गाड्यांखाली येतं. अमेरिकेतल्या ऑडबन या पक्षी संस्थेच्या छायाचित्र स्पर्धेत असे फोटो चालत नाहीत. बाकीच्या स्पर्धांनीही हाच नियम करावा. ध्वनिमुद्रित हाक वाजवून घुबडाला पुढे आणणंही त्याच माळेतलं आहे. त्याला वाटतं हद्दीत परका आला, आणि ते नसलेल्या शत्रूशी भांडायला उठतं.

पण आमिष म्हटलं की सगळंच त्यात घालणं मला पटत नाही. गिधाडांसाठी मेलेली जनावरं ठेवण्याच्या जागा दक्षिण आफ्रिकेत १९६६ मध्ये ड्रॅकन्सबर्गच्या जायंट्स कॅसलला सुरू झाल्या, गिधाडांना सकस आणि सुरक्षित अन्न मिळावं म्हणून. तिथे कायमच्या आडोशामागे बसून फोटो काढता येतात. वेल्समध्ये तांबड्या घारींना ठरल्या वेळी मांस टाकलं जातं आणि शेकडो घारी उतरतात. जपानच्या होक्काइडोजवळ बर्फाच्या लाद्यांवर स्टेलरचे समुद्र गरुड बोटीतून टाकलेल्या माशांवर झेपावतात, आणि जगातले गरुडांचे कितीतरी डोळे दिपवणारे फोटो तिथले आहेत. यातलं पहिलं मला पूर्ण मान्य आहे, दुसरंही, आणि तिसऱ्याबद्दल माझं मन अजून पक्कं होत नाही. पण तिन्हींच्या फोटोंखाली 'खाणं टाकलेल्या जागी' हे तीन शब्द असायलाच हवेत. नाहीतर ते पाहून एखादा नवखा मुलगा आपल्या जवळच्या गरुडाकडून त्याच झेपेची अपेक्षा ठेवतो, आणि ती मिळत नाही म्हणून काय काय करून बघतो. बहिरी ससाण्याच्या पायातल्या चामडी वाद्या संगणकावर पुसून पाळलेला पक्षी रानातला म्हणून दाखवणंही याच फसवणुकीत येतं. वन्यजीव छायाचित्रणाच्या सर्वांत नावाजलेल्या जागतिक स्पर्धेने २००९ चं सर्वोत्तम ठरलेलं लांडग्याचं चित्र २०१० मध्ये बाद केलं, तो लांडगा रानातला नसून शिकवलेला असावा, अशा निष्कर्षावर येऊन. छायाचित्रकाराने ते नाकारलं होतं. तरी परीक्षकांनी विचारायचं ठरवलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

माझ्या या म्हणण्यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा: जवळचे फोटो पाहिल्यानेच तर लोकांना या पक्ष्यांबद्दल प्रेम वाटू लागलं. एकेकाळी ज्यांना कोंबड्या पळवणारे चोर म्हणून गोळ्या घालत, त्यांच्या डोळ्यांत पाहिल्यावर माणूस बदलला. हे खरं आहे. मी स्वतः असाच बदललो. एका मासिकातल्या गरुडाच्या भुवईच्या हाडाखालची ती सावली, त्या सावलीतला तो डोळा, यांनी मला या नादाला लावलं. म्हणून मी फोटो काढू नका असं म्हणतच नाही.

स्कॉटलंडमधल्या लॉक गार्टनची गोष्ट मला या वादात नेहमी आठवते. ब्रिटनमधून विणीचे पक्षी म्हणून नाहीसे झालेले ऑस्प्रे, म्हणजे मासे धरणारे शिकारी पक्षी, १९५४ मध्ये तिथे परतले. १९५८ मध्ये चोराने त्यांची अंडी पळवली. पुढच्या वर्षी पक्षी संरक्षण संस्थेने एक धाडसी निर्णय घेतला. जागा लपवण्याऐवजी जाहीर केली, सुरक्षित अंतरावर एक ओटा बांधला, दुर्बिणी लावल्या, आणि लोकांना बोलावलं. त्या एका हंगामात सुमारे १४,००० माणसं आली. त्या वर्षी घरट्यातून तीन पिल्लं उडाली. चौदा हजार माणसांनी घरटं मोडलं नाही, कारण त्यांतल्या प्रत्येकाला बसायची जागा आखून दिली होती. आदल्या वर्षी एकाच माणसाने ते मोडलं होतं. अलीकडे अमेरिकेत आयोवाच्या डेकोराह गावातल्या गरुडांच्या घरट्यावर लावलेल्या कॅमेऱ्यातून २०११ मध्ये लाखो लोकांनी अंडी फुटताना, पिल्लं वाढताना पाहिली, एका हाताच्या अंतरावरून पाहावं तसं. असा कॅमेरा पक्षी विणीला बसण्याआधी लावून ठेवता येतो. लोकांना जवळीक हवी असेल तर ती देण्याचे मार्ग आहेत, आणि त्यांत कुणाला सरपटत जावं लागत नाही.

जागा सांगण्याबद्दल मात्र माझा हात आखडता आहे. लॉक गार्टनला जागा जाहीर झाली तेव्हा तिथे रात्रंदिवस पहारा होता. आपण फोटोबरोबर ठिकाण टाकतो तेव्हा पहारा नसतो. २०२१ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात हिम घुबड उतरलं, तिथली १८९० नंतरची पहिलीच नोंद, आणि बातमी पसरताच तासाभरात गर्दी झाली. ई-बर्डसारख्या नोंदवहीत काही नाजूक जातींची नेमकी जागा लोकांना दाखवलीच जात नाही. आपणही घरट्याची, दिवसा विसाव्याला बसणाऱ्या घुबडाची, दरवर्षी त्याच कड्यावर येणाऱ्या ससाण्याची जागा गाळावी. अंतर लिहावं, जागा लिहू नये. लोक नेमकं याच्या उलट करतात.

आणि हो, अंतर लिहिताना माणूस खोटं लिहील, हा आक्षेपही मी ऐकला आहे. काही जण लिहितील. पण प्रश्न छापील स्वरूपात समोर आला की उत्तर द्यायच्या आधी मनात एकदा तरी खरं उत्तर उमटतं. कपारीसमोर पडलेला असताना, "हे किती मीटर झाले, आणि खाली काय लिहिशील?" असं मला कुणी विचारणार आहे हे माहीत असतं, तर मी ते शेवटचे चार मीटर गेलो असतो का, याचं उत्तर मला देता येतं. गेलो नसतो.

तो फोटो मी भिंतीवरून काढला नाही. लोक अजून त्याच्यासमोर थांबतात. मागच्या महिन्यात चौकट उघडून खालची पट्टी तेवढी बदलली. आता तिथे असं लिहिलं आहे: शृंगी घुबड, मादी. ४०० मिमी, एफ ५.६, १/१६०० सेकंद, आयएसओ ८००. अंतर १८ मीटर, सरपटत. दोन अंड्यांवरून उडवून.